साफ केला तरी कंट्रोलरचा ड्रिफ्ट परत का येतो, आणि कंपनीकडून तो दुरुस्त कसा करून घ्यायचा

ड्रिफ्टचं लक्षण सगळ्यांचं सारखंच असतं. स्टिकला, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांडीला, बोट लावलेलं नाही, तरी गेममधला गडी हळूहळू डावीकडे चालायला लागतो. मेनूतली निवड आपोआप खाली घसरते. कॅमेरा आकाशाकडे वळतो. मग कोणीतरी सांगतं, फुंकर मार, स्पिरिट टाक. ते केल्यावर तीन आठवडे बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. दुसऱ्यांदा साफ केल्यावर आराम आठवडाभरच टिकतो. तिसऱ्यांदा कंट्रोलर नाशिकच्या एम.जी. रोडवरच्या एखाद्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जातो, तिथे उघडला जातो आणि त्याच क्षणी कंपनीची वॉरंटी हातची जाते. पुष्कळदा ती अजून चार-पाच महिने शिल्लक असते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी तपासणी, मग पुरावा, मग कंपनीकडे लेखी तक्रार, आणि हे सगळं झाल्यावरच स्क्रू-ड्रायव्हर. इथे मुख्य भर प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स या कंट्रोलरवर आहे. एक्सबॉक्स आणि स्विचचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आत नेमकं काय झिजतं

स्टिकच्या खाली धातूचं छोटं चौकोनी मॉड्यूल असतं. त्याच्या दोन बाजूंना दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. प्रत्येकात कार्बनचा पातळ पट्टा असतो आणि त्यावरून धातूचा बारीक स्पर्शक घासत फिरतो. स्पर्शक पट्ट्यावर कुठे आहे त्यावरून व्होल्टेज बदलतं आणि कंट्रोलरला स्टिकची जागा कळते. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करताना खरखर यायची, ती याच रचनेमुळे. रेडिओचं बटण दिवसातून चारदा फिरायचं. स्टिक तासाला हजारो वेळा फिरते.

ड्युअलसेन्समधलं मॉड्यूल जपानच्या आल्प्स अल्पाइन कंपनीचं आहे. त्याचं आयुष्य २० लाख फेऱ्यांचं सांगितलेलं आहे. दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिट या संकेतस्थळाने २०२१ मध्ये कंट्रोलर उघडून हिशेब मांडला तेव्हा नेमबाजीच्या गेममध्ये ही मर्यादा साधारण ४१७ तासांत गाठली जाते असं निघालं. रोज दोन तास खेळणाऱ्याचे हे जेमतेम सात महिने झाले. मर्यादा गाठली की त्याच दिवशी ड्रिफ्ट येतो असं नाही. पण सात-आठ महिन्यांत ड्रिफ्ट आला तर त्यात तुमच्या हाताचा किंवा घरातल्या धुळीचा दोष शोधत बसू नका. तो भाग तेवढ्यासाठीच बनलेला आहे.

धुळीचा वाटा असतो, पण मुख्य कारण ती नाही. मुख्य कारणं तीन. कार्बनचा पट्टा मध्यभागी झिजतो, कारण स्पर्शक सर्वांत जास्त वेळ तिथेच घासतो. स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग सैल पडते. आणि आतलं प्लास्टिक ताणलं जाऊन स्टिकला किंचित ढिलेपणा येतो. झिजलेल्या कार्बनची भुकटी पट्ट्यावरच पडून राहते. स्पिरिट टाकल्यावर ती भुकटी बाजूला सरकते, म्हणून चार दिवस बरं वाटतं. झिजलेला पट्टा मात्र भरून येत नाही. साफसफाई का टिकत नाही, त्याचं उत्तर एवढंच आहे.

कंपन्यांना हे ठाऊक आहे का

ठाऊक आहे, आणि याची नोंद आहे. न घासणारी स्टिक ही नवी कल्पना नाही. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे १९९८ सालीच, चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर होते. निंटेंडो स्विच मार्च २०१७ मध्ये आला. त्याच्या जॉय-कॉन या कंट्रोलरच्या ड्रिफ्टवरून जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला आणि त्यानंतर तिथे दुरुस्ती मोफत होऊ लागली. जून २०२० मध्ये निंटेंडोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांच्या सभेत ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. युरोपातल्या ग्राहक संघटनांच्या महासंघाने जानेवारी २०२१ मध्ये सुमारे २५,००० तक्रारींच्या आधारावर युरोपीय आयोगाकडे दाद मागितली. २०२३ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्र, ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमध्ये वॉरंटी संपल्यावरही ड्रिफ्टची दुरुस्ती मोफत झाली. भाग तोच आणि दोषही तोच. ग्राहक कुठल्या देशात राहतो आणि तिथे किती तक्रारी कागदावर आल्या, यावर वागणूक बदलली.

मायक्रोसॉफ्टचं उदाहरण त्याहून जुनं आहे. एक्सबॉक्स ३६० वर तीन लाल दिवे लागून यंत्र बंद पडायचं. तक्रारी इतक्या साठल्या की जुलै २००७ मध्ये कंपनीने त्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला ठेवली. एलिट सिरीज २ या महागड्या कंट्रोलरची वॉरंटी आधी फक्त ९० दिवसांची होती. ऑक्टोबर २०२० मध्ये ती एक वर्षाची झाली, आणि आधीच विकलेल्या कंट्रोलरनाही लागू झाली.

सोनीने जानेवारी २०२३ मध्ये ड्युअलसेन्स एज आणला. त्यात स्टिकचं मॉड्यूल हाताने काढून नवं बसवता येतं. म्हणजे हा भाग बदलावा लागणार हे कंपनीने रचनेतूनच मान्य केलं, पण ती सोय महागड्या कंट्रोलरलाच दिली. साध्या ड्युअलसेन्समध्ये मॉड्यूल आजही बोर्डाला डाग देऊन, म्हणजे सोल्डरने जोडून, पक्कं केलेलं असतं.

तक्रार लेखी नोंदवण्याचा आग्रह पुढे वारंवार येईल, तो या इतिहासामुळे. दुकानदाराकडे तोंडी कुरकुर करून मोकळं झाल्यास कंपनीच्या हिशेबात तुमचा कंट्रोलर चांगलाच असतो.

आधी खात्री करा: हा ड्रिफ्टच आहे का

ब्लूटूथच्या अडथळ्यानेही स्टिक अडखळल्यासारखी वाटते. त्यामुळे आधी सेटिंग्ज, ॲक्सेसरीज, कंट्रोलर या वाटेने जाऊन कम्युनिकेशन मेथडमध्ये यूएसबी केबल निवडा आणि केबल जोडून खेळून बघा. केबल डेटाची हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. त्रास थांबला तर दोष हवेतल्या सिग्नलचा आहे. कन्सोलच्या अगदी शेजारी राउटर ठेवला असेल तर तो हलवा.

त्रास थांबला नाही तर कंट्रोलर केबलने लॅपटॉपला जोडा आणि ब्राउझरमध्ये गेमपॅड टेस्टर उघडा. अशी पानं फुकट मिळतात, काही डाउनलोड करावं लागत नाही. कुठलंही बटण दाबलं की चार अक्षांचे आकडे दिसतात. पहिले दोन डाव्या स्टिकचे, पुढचे दोन उजव्या स्टिकचे. प्रत्येक आकडा उणे १ ते अधिक १ मध्ये असतो. ड्युअलसेन्स प्रत्येक अक्षाच्या २५६ पायऱ्या पाठवतो, म्हणजे एक पायरी साधारण ०.००८ ची. म्हणून ०.०१ किंवा ०.०२ दिसलं तर घाबरू नका. कंट्रोलर टेबलावर ठेवून दोन्ही हात बाजूला घ्या आणि एक मिनिट बघा. ०.०५ च्या आत असेल तर स्टिक ठीक आहे. ०.०८ ते ०.१० दिसत असेल तर सुरुवात झाली आहे. ०.१५ च्या वर असेल तर बहुतेक गेममध्ये ते जाणवणारच.

आता स्टिक चारही दिशांना टोकापर्यंत नेऊन झटकन सोडा. प्रत्येक दिशेला पाचदा. दरवेळी आकडा वेगळ्याच जागी येऊन थांबत असेल तर स्प्रिंग किंवा प्लास्टिक सैल झालं आहे, साफ करून काहीही होणार नाही. मग स्टिक अगदी सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्या. आकडा सलग वाढण्याऐवजी मधेच उडी मारत असेल तर पट्टा झिजला आहे किंवा त्यावर भुकटी आहे. आकडा टोकाला ०.९ वरच अडकत असेल तर गेममध्ये गडी पळण्याऐवजी चालतो. त्याला लोक ड्रिफ्ट म्हणतात, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि कॅलिब्रेशनने, म्हणजे स्टिकचा मध्य आणि टोकं कंट्रोलरला नव्याने दाखवून, सुटू शकते. फक्त उभा किंवा फक्त आडवा आकडा बिघडलेला असेल तर दोनपैकी एकच पोटेन्शिओमीटर गेला आहे. हे लिहून ठेवा, पुढे दुरुस्तीला उपयोगी पडतं.

न उघडता करायचे उपाय

कन्सोल बंद करा. कंट्रोलरच्या मागे बारीक भोक आहे, त्यात सिमची पिन घालून पाच सेकंद दाबा, मग केबल जोडून पीएस बटण दाबा. याने जोडणी नव्याने होते. त्यानंतर ॲक्सेसरीजमध्ये जाऊन कंट्रोलरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. या दोन गोष्टींनी झिजलेली स्टिक बरी होत नाही, पण सेवा केंद्र सर्वांत आधी हेच विचारतं. केलं आहे असं सांगता आलं की एक फेरी वाचते.

डेड झोन म्हणजे मध्याभोवतीचा असा भाग, जिथली हालचाल गेम मोजत नाही. साध्या ड्युअलसेन्ससाठी कन्सोलच्या सेटिंगमध्ये ही सोय नाही, फक्त एजसाठी आहे. अनेक गेमच्या आतल्या सेटिंगमध्ये मात्र ती असते. आकडा ०.१० असेल तर डेड झोन १२ ते १५ टक्के ठेवा. त्यापुढे वाढवत नेला तर नेम धरताना बारीक हालचाल मरते. स्विचवर सिस्टीम सेटिंग्जमधल्या कंट्रोलर्स अँड सेन्सर्समध्ये स्टिक कॅलिब्रेट करण्याची सोय आहे. ती जरूर वापरा.

बाहेरून साफ करायचं असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. कंट्रोलर बंद करा, स्टिक एका बाजूला झुकवा, गोल टोपीच्या फटीत सिरिंजने दोन-तीन थेंब सोडा, स्टिक तीस-चाळीस वेळा गोल फिरवा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. हात धुण्याचं सॅनिटायझर वापरू नका. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं आणि पट्ट्यावर चिकट थर बसतो. नेलपॉलिश रिमूव्हरने प्लास्टिक विरघळतं. शिलाई मशीनचं तेल टाकलं की भुकटीचा चिखल होतो आणि पुढे कारागिरालाही तो निघत नाही. एकदा साफ केल्यावर महिन्याच्या आत ड्रिफ्ट परत आला, तर दुसऱ्यांदा साफ करण्यात वेळ घालवू नका. वॉरंटी चालू असेल तर तो महिनासुद्धा फुकट घालवू नये.

वॉरंटीत असेल तर: कागद कसा तयार करायचा

बिल शोधा. ऑनलाइन घेतलं असेल तर खात्यातून जीएसटी बिल पुन्हा उतरवता येतं. दुकानातून घेतलं असेल आणि बिलावर अनुक्रमांक नसेल तर दुकानदाराकडून त्यावर लिहून शिक्का घ्या. कंट्रोलरच्या मागच्या बाजूचा अनुक्रमांक आणि खोक्यावरचा अनुक्रमांक जुळतो का बघा. कन्सोलसोबत आलेला कंट्रोलर आणि वेगळा विकत घेतलेला कंट्रोलर यांची बिलं वेगळी असतात, आणि कन्सोलचा व कंट्रोलरचा वॉरंटीचा काळही वेगळा असू शकतो. कार्डावर छापलेला काळ स्वतः वाचा. काउंटरवर तोंडी ऐकलेल्यावर विसंबू नका.

मग साठ ते नव्वद सेकंदांचा एकच सलग व्हिडिओ घ्या, मधे कापाकाप नको. सुरुवातीला बिलाची तारीख, मग कंट्रोलरचा अनुक्रमांक, मग कंट्रोलर टेबलावर ठेवून दोन्ही हात कॅमेऱ्यात मोकळे दिसतील असे धरा आणि पडद्यावरची हालचाल दाखवा. शेवटी गेमपॅड टेस्टरचे आकडे. कंट्रोलरच्या चारही बाजूंचे, चार्जिंगच्या भोकाचे आणि स्टिकच्या टोपीचे जवळून फोटो काढा. हे फोटो सर्वांत जास्त उपयोगी पडतात, कारण दावा नाकारताना बहुधा दोनच कारणं पुढे येतात: आपटल्याची खूण आहे, किंवा आत ओल गेली आहे. पावसाळ्यात नाशिकला हवा इतकी दमट असते की दुसरं कारण सहज पुढे केलं जातं. देण्याच्या दिवशीचा कोरडा, स्वच्छ फोटो त्याला उत्तर देतो.

पहिली तक्रार ईमेलवर किंवा कंपनीच्या अधिकृत मदत पानावर करा. फोन केला असेल तरी त्यानंतर ईमेलने ते लिहून कळवा. मजकूर लहान ठेवा: मॉडेल, अनुक्रमांक, खरेदीची तारीख, दोष, केलेले उपाय आणि मागणी. दोष लिहिताना 'नीट चालत नाही' असं मोघम नको. 'डावी स्टिक हात न लावता उभ्या अक्षावर ०.१८ दाखवते, यूएसबीवरही तेच, रीसेट व अपडेट करून फरक नाही' असं लिहा. असं वाक्य वाचल्यावर समोरच्याला तेच चार प्रश्न पुन्हा विचारता येत नाहीत.

सेवा केंद्रात फक्त कंट्रोलर द्या, कन्सोल देऊ नका. जॉबशीट, म्हणजे वस्तू दुरुस्तीला घेतल्याची नोंद असलेला कागद, घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. जॉबशीटवर दोषाच्या रकान्यात तुमचंच वाक्य आणि वस्तूच्या स्थितीच्या रकान्यात 'बाहेरून इजा नाही, ओल नाही' एवढं लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर तिथल्या तिथे ईमेल पाठवून कळवा. कंट्रोलर बदलून मिळाला तर नव्याचा अनुक्रमांक कागदावर घ्या आणि त्याची वॉरंटी कधीपर्यंत, हे लिहून मागा. बदलून आलेल्या कंट्रोलरमध्येही तेच घासणारं मॉड्यूल असतं. ड्रिफ्ट पुन्हा येणार हे धरूनच चाला, आणि वॉरंटीचे शेवटचे दोन महिने राहिले की आकडे एकदा तपासून घ्या. तेव्हा ०.०८ दिसला तरी तक्रार नोंदवा. वॉरंटी संपल्यावर तोच आकडा ०.२० होतो आणि कोणी विचारत नाही.

मुंबईला किंवा पुण्याला पाठवायची वेळ आली तर बॅटरी साधारण निम्मी चार्ज ठेवा, कंट्रोलर फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा, एका खोक्यात घालून तो दुसऱ्या खोक्यात ठेवा. आत लिथियम बॅटरी आहे हे कुरिअरवाल्याला सांगा म्हणजे पार्सल रस्त्याने जाईल. स्टिकवर दाब येणार नाही असं बांधा. दाबून बसलेल्या स्टिकची स्प्रिंग प्रवासातच जाते.

दावा नाकारला तर

नकाराचं कारण लेखी मागा. ओल किंवा इजा म्हणत असतील तर त्या भागाचा फोटो मागा. 'आत ओल सापडली' असं म्हणून फोटो न देणं मान्य करू नका. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मराठीतून बोलता येतं. तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि कंपनीकडून उत्तर मागवलं जातं. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण अनेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण तक्रार कंपनीच्या नेहमीच्या काउंटरऐवजी वेगळ्या टेबलावर पोहोचते.

तिथेही भागलं नाही तर नाशिकचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मोठी सोय केली: कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. त्यामुळे नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्याला कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल होते. सोबत बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट, ईमेलचा सगळा पत्रव्यवहार, फोटो, व्हिडिओ आणि नकाराचं पत्र जोडायचं. आधी कंपनीला पंधरा दिवसांची मुदत देणारी साधी नोटीस पोस्टाने पाठवलेली बरी. ती बंधनकारक नाही, पण तुम्ही संधी दिली होती हे दिसतं. तक्रारीत विक्रेता आणि भारतातली कंपनी दोघांनाही पक्ष करा, नाहीतर एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

काही हजारांच्या कंट्रोलरसाठी आयोगापर्यंत जावं का, असा प्रश्न पडतो. दुरुस्तीचा खर्च, फेऱ्या आणि मनस्ताप यांची भरपाईही मागता येते, आणि नोंदवलेली प्रत्येक तक्रार पुढच्याला आधार होते. जावं, असंच आमचं मत आहे.

गेमिंग पार्लर चालवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. दिवसाला आठ तास वापर धरला तर वरच्या हिशेबाने ४१७ तास ५२ दिवसांत संपतात. व्यापारी वापर वॉरंटीच्या अटींत बहुधा वगळलेला असतो. कायद्यातही व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार 'ग्राहक' ठरत नाही. अपवाद एवढाच, की केवळ पोट भरण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून तो ती वापरत असेल. एकट्याने चार कन्सोल चालवणाऱ्याला हा अपवाद मांडता येतो, पण तक्रारीत तो स्पष्ट शब्दांत लिहावा लागतो. पार्लरने कंट्रोलरला सुटा भाग समजून हॉल मॉड्यूल बसवून घेणं जास्त व्यवहाराचं आहे.

स्विचवाल्यांची अडचण

निंटेंडोने स्विच भारतात अधिकृतपणे विकलेला नाही. इथे मिळतो तो बाहेरून आणलेला माल. युरोपात मिळणारी मोफत दुरुस्ती नाशिकच्या ग्राहकाला मिळत नाही. दुकानाची म्हणून जी काही हमी असेल तेवढीच. ती बिलावर लिहून घेतली नसेल तर नंतर काही हाती लागत नाही, म्हणून विकत घेतानाच दुकानाच्या बिलावर 'ड्रिफ्टसह सहा महिने' असं लिहून घ्या.

दिलासा एवढा की जॉय-कॉनची स्टिक डाग देऊन बसवलेली नसते. मागचे चार स्क्रू तीन पाकळ्यांच्या खाचेचे असतात, त्याला वाय-००चा ड्रायव्हर लागतो. आत बॅटरीची जोडणी आधी काढायची, मग पट्टीसारख्या केबलचं कुलूप नखाने उचलायचं, दोन स्क्रू काढले की स्टिक हातात येते. पहिल्यांदा करणाऱ्याला पाऊण तास लागतो. नवी घेताना हॉलची घ्या. स्विच लाइटची स्टिक मात्र यंत्रातच आहे. ती बदलताना आख्खं यंत्र उघडावं लागतं, म्हणून सवय नसेल तर कारागिराकडेच द्या.

वॉरंटी संपली असेल तर: उघडणं आणि मॉड्यूल बदलणं

ड्युअलसेन्स उघडताना पुढची काळी पट्टी आधी प्लास्टिकच्या पट्टीने उचकटतात, मग एल१ आणि आर१ ची बटणं. त्याखाली दोन आणि हँडलच्या टोकांकडे पट्टीखाली दोन असे चार फिलिप्स स्क्रू आहेत. मागचं कवच निघाल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी काढणं. टचपॅडची पट्टी-केबल ओढू नका, तिचं कुलूप आधी उघडा. बोर्ड बाहेर काढताना कंपनाच्या मोटरच्या तारा बोर्डाला डाग दिलेल्या असतात, त्या ताणू नका.

एकच अक्ष बिघडलेला असेल तर मॉड्यूल न काढता त्या बाजूच्या पोटेन्शिओमीटरचं झाकण उचकटता येतं. आतली चकती अल्कोहोलने पुसली, किंवा दुसऱ्या मॉड्यूलमधली चकती लावली, तर डाग न देता काम भागतं. टिकाऊपणा मध्यम.

पक्का उपाय म्हणजे पूर्ण मॉड्यूल बदलणं. त्याचे १४ डाग काढावे लागतात: दोन पोटेन्शिओमीटरचे तीन-तीन, बटणाचे चार आणि पायांचे चार. कंपनीचं सोल्डर शिसेविरहित असतं आणि साधारण २१७ अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणून प्रत्येक डागावर आधी फ्लक्स लावून थोडं ६०/४० चं शिशाचं सोल्डर मिसळा, म्हणजे मिश्रण कमी तापमानाला वितळतं. सोल्डरिंग आयर्न ३५० ते ३८० अंशांवर ठेवा, सोल्डर शोषपंप किंवा तांब्याच्या जाळीने काढा. जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या डागांना जास्त उष्णता लागते, कारण तिथली तांब्याची पाटी ती शोषून घेते. इथेच घाई होते. डाग पूर्ण मोकळा होण्याआधी मॉड्यूल ओढलं की भोकातली तांब्याची नळी उपटून येते. बोर्ड खराब होण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. दुरुस्तीनंतर एखादा आकडा सतत उणे १ किंवा अधिक १ वर अडकला असेल तर कोणता तरी डाग सुटा आहे किंवा वाट तुटली आहे. नवं मॉड्यूल खराब निघालं असा निष्कर्ष लगेच काढू नका.

मॉड्यूल निवडताना मूळ प्रकारचं घेतलं तर ते पुन्हा झिजेल. हॉल किंवा टीएमआर प्रकारात चुंबक आणि सेन्सर असतो, घासणारं काही नसतं. स्प्रिंग त्यातही सैल पडू शकते, पण मुख्य रोग जातो. हॉल मॉड्यूल थोडी जास्त वीज घेतं, त्यामुळे बॅटरी किंचित लवकर उतरते. टीएमआर कमी घेतं.

आता सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. ड्युअलसेन्स मध्य आणि टोकं कुठे आहेत ते स्वतःच्या स्मृतीत साठवतो. मॉड्यूल बदललं की ती जुनी नोंद चुकीची ठरते आणि नवं मॉड्यूलही ड्रिफ्ट दाखवतं. अनेक जण 'हॉल लावूनही फरक नाही' म्हणतात ते यामुळे. क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये चालणारी, फुकट उपलब्ध असलेली कॅलिब्रेशनची साधनं केबलने वापरा. आधी मध्य, मग स्टिक सावकाश कडेने फिरवत टोकं. पहिल्यांदा तात्पुरतं जतन करून आकडे बघा, ठीक असतील तरच कायमचं जतन करा. नकली कंट्रोलरवर हे चालत नाही.

कारागिराकडे देणार असाल तर काउंटरवर चार गोष्टी विचारा. मॉड्यूल कुठल्या प्रकारचं? बसवल्यावर कॅलिब्रेशन करणार का? जुनं मॉड्यूल परत देणार का? तीस दिवसांची हमी बिलावर लिहून देणार का? 'कॅलिब्रेशन लागत नाही' असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. कंट्रोलर परत घेताना तिथेच लॅपटॉपवर आकडे दाखवायला सांगा.

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला मधे टोक असलेल्या खाचेचे टी८ स्क्रू असतात. पाचवा स्क्रू बॅटरीच्या कप्प्यातल्या स्टिकरखाली लपलेला आहे. तो न काढता कवच ओढलं तर ते तडकतं.

नवा कंट्रोलर घ्यायचं ठरवलं आणि हॉलचा घ्यावा असं वाटलं, तर एक अडसर लक्षात ठेवा. पीएस५ चे गेम परवाना नसलेले कंट्रोलर सरळ स्वीकारत नाहीत, आणि नोव्हेंबर २०२३ पासून एक्सबॉक्सनेही विनापरवाना उपकरणं अडवायला सुरुवात केली. त्यामुळे या कन्सोलसाठी हॉलचा कंट्रोलर घेताना तो परवाना असलेलाच आहे ना, हे आधी बघा. पीसी आणि स्विचवर हॉलचे कंट्रोलर सरळ चालतात. पीएस५ वर खेळत असाल तर जुन्याच ड्युअलसेन्समध्ये मॉड्यूल बदलून घेणं जास्त सोयीचं, आणि ते करण्याआधी वॉरंटीची तारीख एकदा पुन्हा तपासा.